दोन टोकं तपासली, मधलं राहिलं

आमच्या गाडीचा आजार उलटा होता. रत्नागिरीहून परतताना आंबा घाट ती मजेत चढायची, मागं तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या तरी. पण साताऱ्याकडं निघालो, पेठ नाक्याच्या आसपासचा सरळ सपाट रस्ता आला, साठ-सत्तरचा वेग धरून पाय एका जागी ठेवला, की ती अडखळायला लागायची. सगळ्यांच्या माना एकदम पुढं, एकदम मागं. पाय किंचित दाबला की बंद. किंचित उचलला तरी बंद. परत त्याच जागी आणला की परत सुरू.

इंजिनाशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याला एवढ्या वर्णनावरच अंदाज आला असेल. मला मात्र दिवाळीत सुरू झालेलं दुखणं उन्हाळ्यात कळलं. कळल्यावरही मी ते नीट निस्तरलं नाही. त्याचा हिशेब पावसाळ्यात चुकता करावा लागला. आणि हे सगळं नोकरीची सगळी वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या माणसाच्या हातून झालं. दोष निघाला तोही एका पोटेन्शिओमीटरचा. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या सत्रात हातात देतात तो भाग.

गाडी २०१३ सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, ॲक्सिलरेटरला अजून केबल असलेली. पाय दाबला की केबल ओढली जाते आणि इंजिनाकडं जाणाऱ्या हवेच्या वाटेत बसवलेली गोल चकती फिरते. ही झाली थ्रॉटल बॉडी. चकतीच्या दांड्याच्या एका टोकाला केबलची चाकी, दुसऱ्या टोकाला काडेपेटीएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा. हाच थ्रॉटल पोझिशन सेन्सर, गॅरेजच्या भाषेत टीपीएस. त्याच्या पोटात कार्बनची एक कमानदार पट्टी असते आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची बारीक जीभ. वायरी तीन. एकीतून कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थ, तिसरीतून जीभ जिथं टेकली असेल तिथला व्होल्टेज परत जातो. चकती बंद असताना साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट, पूर्ण उघडी असताना ४ ते ४.५ च्या घरात. मधला सगळा चढ एकसंध, कुठंही खड्डा नसलेला हवा.

आमच्या गाडीत किती हवा आत गेली याचा अंदाज कॉम्प्युटर मुख्यतः दुसऱ्या सेन्सरवरून, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून बांधतो. टीपीएस सांगतो तो चालवणाऱ्याचा इरादा. पाय एकदम दाबला, तर कॉम्प्युटर चटकन थोडं जादा पेट्रोल सोडतो. पाय पूर्ण काढला आणि इंजिन अजून जोरात फिरत असेल, तर इंजेक्टर बंदच करतो. घाट उतरताना गिअरमध्ये असलेली गाडी पेट्रोलचा थेंबही पीत नाही ती यामुळं. आता पाय एका जागी स्थिर आहे, आणि पट्टीच्या नेमक्या त्याच जागी जिभेचा संपर्क क्षणभर तुटला, तर काय होईल? व्होल्टेज कोसळतं. कॉम्प्युटरला वाटतं पाय काढला, पेट्रोल बंद. पुढच्या क्षणी संपर्क जुळतो. त्याला वाटतं पाय दाणकन दाबला, पेट्रोल जादा. माना पुढं, माना मागं.

हे आज मी इतक्या सराईतपणे लिहितो आहे. त्या वेळी मात्र माझी पक्की खात्री होती की गाडीला पेट्रोल कमी पडतंय.

प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. हे सगळे करतात. त्यावर वेळ घालवत नाही. मग पंपावर आलो. टाकीतला पेट्रोल पंप स्वस्त नसतो, आणि तो काढायला मागची सीट उचलावी लागते. आमचे मिस्त्री कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले. आधी लेथवर काम केलेले, मग गाड्यांकडं वळलेले, शिक्षण बेताचं. त्यांनी सीट उचलायच्या आधी मला एकदा विचारलं, "सर, घाटात पेट्रोल पुरतंय आन् सपाटीला पुरत न्हाई, असला पंप मी तरी बघितला न्हाई. तुम्ही बघितलाय काय?"

या एका वाक्यात सगळं निदान होतं. पंप दमला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर गाडी भाराखाली मरते. चढाला, ओव्हरटेक करताना, चार माणसं असताना. कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तरीही भाराखालीच मिसिंग आधी दिसतं, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. आमची गाडी भाराखाली ठणठणीत होती. ती अडखळायची हलक्या भाराला, स्थिर पायाला. घाटात पाय सतत हलत असतो, गिअर बदलत असतात. ॲक्सिलरेटर एका जागी चार सेकंदही राहत नाही. फरक भाराचा नव्हताच, पायाच्या स्थिरतेचा होता. मिस्त्रींनी प्रश्न अगदी बरोबर जागी टाकला होता. मी त्यांना उत्तर म्हणून प्रेशर रेग्युलेटरवर व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, "बरं, सर म्हणत्यात तर बदलू," म्हणाले आणि सीट उचलली. नव्या पंपाचं बिल किती झालं ते इथं लिहीत नाही. हा मजकूर घरात वाचला जाणार आहे.

पंपानंतर खापर इथेनॉलवर फोडलं. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वाढत चाललं होतं, जो तो त्याबद्दल बोलत होता, आणि इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळं मिश्रण पातळ होतं हेही खरं आहे. पण ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी तेवढी पातळी सांभाळून घेते, आणि इथेनॉलला माझ्या पायाची नेमकी जागा कशी कळणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. कोल्हापुरात बसून इथेनॉलला नावं ठेवणं ही तशी धाडसाची गोष्ट. शेजारचे ऊसवाले पाटील फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "म्हणजे सर, तुमच्या गाडीला आमचा ऊस बाधला म्हणा की!"

मग आला स्कॅनर. ऑनलाइन मिळतो तो ब्लूटूथचा, आगपेटीएवढा. आपल्याकडं एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-दोन लागू झालं, त्यामुळं स्टिअरिंगखालच्या कपलरला तो लावला की मोबाइलवर सगळे आकडे नाचायला लागतात. मला लहान मुलासारखा आनंद झाला. कोड वाचला. एकही कोड नव्हता. टीपीएसचे कोड असतात, पी०१२१ ते पी०१२४ या घरातले. त्यातला एकही नाही, म्हणजे सेन्सर निर्दोष, असं मी ठरवून टाकलं. कॉम्प्युटर क्षणभराच्या तुटण्यावर लगेच दिवा लावत नाही. दोष काही काळ टिकला, ठरावीक अटी जुळल्या, तरच तो नोंदवतो. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला दिवा लागला असता. आमच्या सेन्सरचा दोष त्या मुदतीपेक्षा कितीतरी आखूड होता.

पण स्कॅनरनं केलेलं खरं नुकसान वेगळंच. आकड्यांच्या यादीत एक ओळ होती, थ्रॉटलची टक्केवारी. पाय पूर्ण काढलेला, इंजिन नुसतं चालू, आणि ओळ दाखवत होती १४ टक्के. चौदा! पाय नसताना चकती चौदा टक्के उघडी! अखेर चोर सापडला असं मला वाटलं. बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीवरचा तो बारीक स्क्रू शोधला, ज्याच्यावर चकतीचा आकडा टेकून थांबतो. कारखान्यात त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असतो. तो ठिपका म्हणजे "हात लावू नका" असं स्पष्ट सांगणं. मी तो पेचकसाच्या टोकानं खरवडून काढला आणि स्क्रू फिरवायला लागलो. चौदाचे तेरा, तेराचे बारा. शून्य काही होईना. मग सेन्सरचे दोन स्क्रू ढिले केले. त्यांची भोकं लांबट असतात, सेन्सर थोडा इकडंतिकडं फिरवता येतो. तोही फिरवला. आधी कुठं होता याची खूण करून ठेवली नाही. वर्गात मुलांनी असं केलं असतं तर मी बाहेर काढलं असतं.

त्या चौदा टक्क्यांचा अर्थ मला नंतर कळला, आणि तो कळल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोललो नाही. स्कॅनरवरची ती ओळ चकती किती उघडी आहे हे सांगतच नाही. सेन्सरचा व्होल्टेज पाच व्होल्टच्या किती टक्के आहे, एवढंच ती सांगते. बंद चकतीला ०.७ व्होल्ट हा अगदी निरोगी आकडा, आणि पाचातले ०.७ म्हणजे चौदा टक्के. गाडी मला ओरडून सांगत होती की या टोकाला सगळं ठीक आहे. मी ते ठीक असलेलं बिघडवायला बसलो होतो. शून्य यायला नकोच असतं. खाली अर्धा व्होल्ट आणि वर अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळे सोडलेले असतात, म्हणजे वायर तुटली किंवा चिकटली तर कॉम्प्युटरला ते ओळखता येतं.

आता गाडीला दोन आजार झाले. एक जुना, सपाटीवरचा. दुसरा माझ्या हातचा. चकती आपल्या भोकात घट्ट बसायला लागली, पहिल्यांदा पाय दाबला की ती चिकटून मग सटकन सुटायची. सिग्नलला इंजिन बंद पडायचं. दाभोळकर कॉर्नरला भर गर्दीत गाडी बंद पडल्यावर मागच्या रिक्षावाल्यानं जे म्हटलं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

एवढं झाल्यावर मी अखेर सेन्सरची रीतसर तपासणी केली. निदान मला ती रीतसर वाटली. माझा डिजिटल मीटर चांगला होता. कपलरच्या मागच्या बाजूनं टाचणी सरकवून सिग्नल पकडायचा असतो, पण कपलर अशा अडचणीत होता की बोटं पोचेनात. म्हणून थोडं पुढं, जिथं वायर मोकळी होती, तिथं शिवणाची सुई वायरीच्या प्लॅस्टिकमधून आरपार टोचली आणि तिला मीटरची क्लिप लावली. काम झालं, सुई काढली. भोक दिसतही नव्हतं. या सुईकडं परत यायचं आहे.

चावी फिरवली, इंजिन बंदच. चकती बंद, मीटरवर ०.६८, तोवर मी सेन्सर फिरवून जागेच्या आसपास आणला होता. हातानं चकती पूर्ण उघडली, ४.२१. उत्तम. परत बंद, परत उघडी. तेच आकडे. वहीत लिहिलं, "टीपीएस निर्दोष." अंडरलाइन केलं. मिस्त्रींना फोन करून सांगितलं, पाटलांना सांगितलं, साताऱ्याच्या मेव्हण्यांना सांगितलं. एकदा निर्दोष ठरवल्यावर पुढं कुणी सेन्सरचं नाव काढलं की मी वही दाखवायचो. या सबंध प्रकरणात माझी सगळ्यात महाग चूक ही. पंप बदलला तेव्हा पैसे गेले. ही नोंद केल्यानंतर विचारच थांबला.

मिस्त्रींनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "मधी बघितलासा का?" मी म्हणालो, दोन्ही टोकं बरोबर आहेत म्हटल्यावर मधलं बरोबरच असणार, पट्टी एकच आहे. ते म्हणाले, "रस्ता बी एकच असतोय, सर."

त्यांनी दुसऱ्यांदा भेटल्यावर विषय काढला तेव्हा "तुमच्याकडं काट्याचा मीटर हाय न्हवं?" असं विचारलं. होता. नाशिकच्या मोटवानीचा, चामडी पट्ट्याचा, माळ्यावर. डिजिटल मीटर एका सेकंदात दोन-तीन वेळा वाचून त्याची सरासरी आकड्यात दाखवतो. त्याच्या दोन वाचनांच्या मध्ये जे घडतं ते त्याला दिसत नाही. काटा मात्र बदलाबरोबर हलतो. किंमत हवी तर डिजिटल, चाल बघायची तर काटा. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. रेडिओ दुरुस्तीच्या माझ्या जुन्या नादात मी किती व्हॉल्यूम कंट्रोल बदलले असतील! आवाजाचं बटण फिरवताना नेमक्या एका जागी खरखर येते, आणि ती जागा म्हणजे घरातले लोक रोज आवाज जिथं ठेवतात तीच. टीपीएस म्हणजे दुसरं काही नाही, तोच भाग, इंजिनाला टांगलेला. मला हे माहीत होतं, पण गाडीचं बॉनेट उघडल्यावर मला ते आठवायचं नाही. बॉनेट उघडलं की मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस उरायचो नाही. यूट्यूबवर बघून आलेला माणूस व्हायचो.

तपासणी अशी झाली. गाडी आधी रंकाळ्याभोवती फिरवून चांगली तापवली, कारण सेन्सर इंजिनाच्या अंगाला चिकटून असतो आणि थंडपणी साळसूद वागू शकतो. मग इंजिन बंद, चावी चालू. या वेळी मिस्त्रींनी कपलरचं रबर मागं सारून टाचणी बरोबर मागून सरकवली, वायरीला इजा न करता. काट्याचा मीटर दहा व्होल्टच्या पट्ट्यावर. बायकोला चालकाच्या जागी बसवलं आणि सांगितलं, ॲक्सिलरेटर हळूहळू दाब, अगदी हळू.

"अहो, हळू म्हणजे किती हळू?"

"जितकं जमेल तितकं."

काटा अर्ध्याच्या पुढं सरकला, एकच्या जवळ आला, एकच्या थोडा पुढं गेला, आणि खाली पडला. थेट शून्याकडं. लगेच उठून परत आपल्या जागी. पुढं सरळ चारपर्यंत गेला, एकदाही न थरथरता. "परत," मिस्त्री म्हणाले. परत त्याच जागी पडला. मग त्यांनी पाय तिथंच धरून ठेवायला सांगितला आणि पेचकसाच्या मुठीनं सेन्सरवर टिचक्या मारल्या. प्रत्येक टिचकीला काटा पडत होता, उठत होता. गाडीतून आवाज आला, "झालं का? एवढं बघायला दिवाळीपासून लागलं?" मिस्त्री इंजिनात वाकलेले होते, त्यामुळं त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

डिजिटल मीटर मुद्दाम त्याच जागी लावून पाहिला. तो बिचारा १.१८ दाखवत राहिला, मधूनच ०.९४ म्हणाला, आणि लगेच सावरला. मी पहिल्या वेळी सावकाश दाबत गेलो असतो, तर त्याच्यावरही शंका यायला पुरेसं दिसलं असतं. म्हणजे दोष मीटरवर ढकलायलाही फारशी जागा नाही.

जुना सेन्सर मी घरी आणून हॅक्सॉच्या पात्यानं कापला. आत पट्टी दिसली. सुरुवातीचा, म्हणजे चकती जेमतेम उघडी असतानाचा भाग गुळगुळीत, चकाकणारा. त्यात बोटाच्या नखाच्या पांढऱ्या कडेएवढ्या रुंदीत कार्बन जाऊन खालचा तपकिरी पाया उघडा पडलेला. आणि पुढचा निम्म्याहून जास्त भाग काळाभोर, मॅट, जवळजवळ कोरा. मी गाडी कधी पूर्ण दाबलीच नव्हती. माझा पाय वर्षानुवर्षं ज्या जागी विसावला, तिथं पट्टी झिजली. जीभ एका जागी स्थिर दिसत असली तरी स्थिर नसते, इंजिनाच्या थरथरीनं ती तेवढ्याच जागेत सतत घासत असते. आणि मी तपासताना बरोबर ती जागा ओलांडून गेलो, कारण बोटानं चकती उघडताना माणूस सावकाश उघडत नाही, फाडकन उघडतो.

हा प्रकार मोटारीइतका नाही तरी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनइतका जुना आहे. बॉशची डी-जेट्रॉनिक ही तशी प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगन १६०० वर आली. तिच्यातही चकतीच्या दांड्याला घासणारे संपर्क होते, आणि जुन्या झालेल्या त्या गाड्या सांभाळणारे लोक आजही स्थिर वेगाला बसणाऱ्या झटक्यांसाठी आधी तिथं बघतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत घासणारी पट्टीच नाही. चुंबक आणि हॉल सेन्सर असतो, स्पर्शच नाही म्हटल्यावर झीज नाही. केबलही गेली. ॲक्सिलरेटरवर दोन सेन्सर, चकतीवर दोन, आणि दोघांच्या बोलण्यात मेळ नसेल तर कॉम्प्युटर गाडीला सरळ रांगायला लावतो. अशा गाडीत चावी चालू असताना चकतीत बोट घालण्याचा माझ्यासारखा उद्योग करू नये. आतली मोटर चकती जोरात मिटते आणि बोट सापडतं.

नवा सेन्सर बसवला. मिस्त्रींनी माझा फिरवलेला स्क्रूही ताळ्यावर आणला. चकती पूर्ण मिटेपर्यंत तो मागं घेतला, मग आकडा जेमतेम टेकेल इतका पुढं, मग थोडासा आणखी, म्हणजे चकती घासणार नाही. सेन्सर फिरवून बंद चकतीचा व्होल्टेज पुस्तकातल्या आकड्याशी जुळवला, आणि दोन्हींवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका देताना माझ्याकडं बघितलं. बॅटरीची वायर काढून कॉम्प्युटरला जुनं शिकलेलं विसरायला लावलं. कराडपर्यंत जाऊन आलो. पाय पेठ नाक्यापासून एकाच जागी. गाडी गुळगुळीत.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

जुलैत, कोल्हापूरच्या त्या न थांबणाऱ्या पावसात, गाडीचा चेक लाइट लागला. स्कॅनर लावला, पी०१२२. टीपीएसचा सिग्नल कमी. आता मी शहाणा झालो होतो ना! कोड टीपीएसचा, सेन्सर नवा, दुकानदारानं डबी कंपनीची दिली पण माल डुप्लिकेट घातला, हे माझ्या दृष्टीनं स्पष्ट होतं. दुकानात जाऊन मी जे बोललो ते सगळं आठवायची इच्छा नाही. दुकानदार माझ्याहून वयानं बराच लहान. तो एवढंच म्हणत राहिला, "सर, एकदा वायरिंग बघा, मग बोला." मी म्हणालो, वायरिंग मला शिकवू नकोस. गिऱ्हाइकांसमोर. त्यानं वाद वाढवला नाही. दुसरा सेन्सर काढून दिला, पैसे घेतले नाहीत. तो बसवला. दिवा तसाच.

तेव्हा कुठं मी जे आधीपासून करायचं ते केलं. कोड म्हणत होता सिग्नल कमी. सेन्सर बिघडला असं तो म्हणतच नव्हता. पाच व्होल्ट येतायत का? येतायत. अर्थ ठीक आहे का? ठीक. सेन्सरच्या कपलरपाशी सिग्नल किती? ०.७. कॉम्प्युटरच्या कपलरपाशी त्याच वायरीवर किती? शून्य. सेन्सर बोलतोय, आवाज वाटेत हरवतोय. वायर हातानं चाचपत गेलो आणि एका जागी ती मऊ लागली. वरचं प्लॅस्टिक शाबूत. कापून बघितलं तर आत तांब्याच्या तारांच्या जागी हिरवी भुकटी. मी सुई टोचली होती तीच जागा. भोक डोळ्यांना दिसत नव्हतं. पावसाच्या ओलीला ते पुरेसं होतं. तिथून पाणी आत गेलं, तांबं गंजत गेलं, आणि शेवटची तार तुटली तेव्हा दिवा लागला. वायरीचा तेवढा तुकडा काढून नवा जोडला, सोल्डर केलं, वरून श्रिंक ट्यूब चढवली. दिवा गेला तो अजून लागलेला नाही.

राहिला दुकानदार. दोन दिवस टाळलं, मग गेलो. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं की सेन्सर दोन्ही चांगले होते, वायर मीच टोचून खराब केली होती, आणि मागच्या वेळी जे बोललो ते बोलायला नको होतं. दुसऱ्या सेन्सरचे पैसे पुढं केले. त्यानं ते मोजून गल्ल्यात टाकले आणि विचारलं, "मग पहिला सेन्सर चांगलाच हाय म्हणजे तुमच्याकडं?"

म्हटलं, आहे. परत घेतोस का?

"गाडीला लावलेला माल आम्ही परत घेत न्हाई, सर. पाटी बघा." पाटी खरंच होती, माझ्या डोक्याच्या वर.